गेक आंटीच्या लॉकरमधला डबा

बुकित पंजांग,
सिंगापूर, ३ सप्टेंबर २०२५

सौ. अनघा साठे यांस,

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस आणि तुझ्या किचनमध्ये फोन केला की 'मॅडम बिझी' ऐकायला मिळतं, तेव्हा राहता राहिलं टपाल. बुकित पंजांगहून पासिर रिसला पत्र एका दिवसात पोचतं म्हणे. आपल्याला मात्र या एवढ्याशा बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दोन वर्षं पुरली नाहीत.

कामाचं लिहिते. गेल्या शुक्रवारी आमच्या सोशल वर्क डिपार्टमेंटचं नव्या मुलांसाठी जेवण होतं आणि केटरिंग तुझं होतं. तुझ्या माणसांच्या एप्रनवर नाव वाचलं आणि मी खांबाआड उभी राहून जेवले. त्याच दुपारी सफाईच्या कंत्राटदाराच्या सुपरवायझरने बायकांचे लॉकर उघडले. गेक आंटी नावाच्या बाईंच्या लॉकरमध्ये एक स्टीलचा डबा निघाला. आत तुझा पुलाव आणि दोन गुलाबजाम. त्याने डब्याचा फोटो तुला पाठवला आणि विचारलं, हा तुमचा का? तू उत्तर दिलंस, हो, माझा.

झालं. केटररचा डबा, केटररचं अन्न, बाई चोर. तिला कामावरून घरी बसवलंय. तीन आठवड्यांनी सुनावणी आहे. एकोणसत्तर वर्षांची आहे ती. इथून चोर म्हणून काढली तर या शहरात तिच्या हाती पुन्हा कोणी फडकं देणार नाही.

तू म्हणशील, तुला काय तिचं एवढं? सांगते. मी पहिल्या वर्षाला गेले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि वर्गातली बाकीची एकोणीस. पहिला आठवडा पोरं मला प्राध्यापक समजून दार उघडून धरायची. मी विद्यार्थिनी आहे हे कळल्यावर कोणी दार धरेना आणि जेवायला शेजारी कोणी बसेना. दोष नाही त्यांचा, मी त्यांच्या आयांसारखी दिसते. कँटीनमध्ये ताट घेऊन मी पाच मिनिटं नुसती उभी होते. तेव्हा टेबलं पुसणाऱ्या एका बाईने पंख्याखालच्या कोपऱ्यातल्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं. तुला माहीतच आहे, इथे टिश्यू ठेवला की जागा धरली, मंत्री आला तरी बसणार नाही. मला म्हणाली, "यू सिट हिअर. यू ओल्ड, आय ओल्डर." त्या दिवसापासून रोज साडेबाराला तिथे टिश्यू असायचा. रोज विचारायची, "ईट ऑलरेडी?" एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीत मी जेवले का, हे विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

तेव्हा एक ईमेल कर. डब्याबद्दल तुझी तक्रार नाही, एवढं लिही. स्टीलच्या एका डब्यापायी तू कोणाच्या पोटावर पाय आणशील असं वाटलं नव्हतं. पण चकलीच्या पिठापायी पंधरा वर्षांची मैत्री तोडणाऱ्या बाईचा काय भरवसा!

सुनेत्रा


बुकित पंजांग,
८ सप्टेंबर

अनघा,

उत्तर नाही. ठीक आहे. इथे तुझ्यावाचून काही अडलेलं नाही, हे कळावं म्हणून लिहिते.

वर्गातल्या माझ्या ग्रुपची लीडर इरा. वय वीस, घरचं मराठी, बोलणं पक्कं सिंगापूरचं. आईशी मराठीतून भांडते आणि इंग्रजीतून जिंकते. तिला मी गेक आंटीचं सांगितलं तर पोरगी संध्याकाळपर्यंत पेटली. "आंटी, दिस इज सो अनफेअर लाह! आपण काहीतरी केलंच पाहिजे." रात्रीतून पोस्टर तयार. दुसऱ्या दिवशी निवेदन. आज सकाळपर्यंत अकराशे सह्या झाल्या आणि त्यात पहिली सही माझी आहे.

शुक्रवारी मी लेक्चर हॉलमध्ये बोलले. मी! चार बायकांच्या हळदीकुंकवात उखाणा घ्यायची वेळ आली की स्वयंपाकघरात पळणारी मी, तीनशे मुलांसमोर माइक धरून उभी राहिले. म्हटलं, आपण ज्यांची नावं विचारत नाही, त्यांच्यावर आळ घ्यायला आपल्याला एक मिनिट लागत नाही. केवढ्या टाळ्या पडल्या! 'या वयात शिकून काय दिवे लावणार आहेस' असं मला विचारणारी एक व्यक्ती त्या हॉलमध्ये असायला हवी होती, असं फार वाटलं.

टाळ्या चालू होत्या तेव्हा माझे हात मात्र गार पडले होते. तिथे एसी फार असतो.

काल इराला घेऊन गेक आंटीच्या घरी गेले. एका खोलीचा फ्लॅट, आरशासारखी फरशी. तिने दार अर्धंच उघडलं. इराने विचारलं, डबा तुम्हाला कोणी दिला ते सांगितलंत तर सगळं सुटेल, मग का नाही सांगत? आंटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "नो नीड लाह. गो स्टडी." आणि दार लावून घेतलं. लिफ्टमध्ये इरा म्हणाली, "शी इज प्रोटेक्टिंग समवन." मी म्हटलं, असेल.

तू ईमेल केला नाहीस तरी आम्ही करून दाखवू.

सुनेत्रा


बुकित पंजांग,
१२ सप्टेंबर

अनघा,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. श्रीनिवासने टपालपेटीतून आणून माझ्या पुस्तकावर ठेवलं. वाचलं असणारच त्याने, कार्डच ते. मग आत जाऊन चहा केला. नवऱ्याने न सांगता चहा केला की समजावं, काहीतरी फार चुकलंय.

"तो डबा माझ्या मामांनी लग्नात दिलेला आहे. दोन वर्षांपूर्वी अनारसे भरून मी तुझ्याकडे पाठवला होता. तो तिच्या लॉकरमध्ये कसा गेला, हे तू लिहिलेलं नाहीस."

नाही लिहिलं. आता लिहिते.

तो डबा दोन वर्षं माझ्या ओट्याखाली होता. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्या दोघींच्या आयांनी आपल्याला बजावलेलं. किमान चिमूटभर साखर तरी घालायची. आता भरून द्यायचा तर तुझ्यासाठी काहीतरी करायला हवं, आणि ते करायला माझा अहंकार तयार नव्हता. साखर घालून पाठवायचीही माझी तयारी नव्हती. म्हणून तो राहिला.

जुलैपासून मी गेक आंटीला डबा देऊ लागले. डिपार्टमेंटच्या प्रत्येक कार्यक्रमात अर्धं जेवण उरतं. स्टिकरवरची चार तासांत खायची मुदत संपली की सगळं काळ्या पिशवीत. आणि ती पिशवी बांधणाऱ्या बायका सकाळपासून एका पावावर असतात. त्यांना त्यातलं काही घ्यायची बंदी आहे, हे मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी आंटीने सांगितलं होतं, "कॅनॉट, कॅनॉट." पण मी आपली मराठी बाई. समोरचं माणूस नको म्हणालं की तो नकार असतो, हे आपल्याला कोणी शिकवलंय? नको म्हटलं की आणखी एक डाव वाढायचा. मी आग्रह केला. तिच्या हातात कोंबला. ती घेत गेली.

झाकण घट्ट बसतं म्हणून तुझा डबा उचलला. त्यावर 'चि. सौ. कां. अनघा हिस मामांकडून' असं कोरलंय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. भांड्यावरची नावं आपण वाचतो कुठे? माझ्या घरात नणंदेच्या नावाची वाटी आहे, शेजारणीच्या नावाचं पातेलं आहे. त्या दिवशी तुझाच पुलाव तुझ्याच डब्यात भरून मी तिला दिला. सुपरवायझरला त्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ज्या एका बाईला येत होतं तिने खरं ते सांगितलं.

तू काही चुकीचं केलं नाहीस. मी पहिल्या पत्रात तुला जे बोलले, ते मला माझ्या तोंडावर बोलायला हवं होतं.

गप्प का राहिले ते सांगते, म्हणजे तुझ्या मनात शंका नको. जानेवारीत माझी प्रॅक्टिकलचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे, इथल्याच वृद्धांच्या केंद्रात. शिस्तभंगाची नोंद झाली तर ते हातचं जाईल. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा एक वर्ष मागे पडायची ताकद माझ्यात नाही, असं मी स्वतःला सांगत होते. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं म्हणजे त्या टाळ्या. मला त्या फार आवडल्या गं. लाज वाटते लिहायला, पण आवडल्या.

आणि ती बाई माझं नाव घेत नाहीये. तिची नोकरी जातेय आणि ती मला सांगते, गो स्टडी.

सुनावणी २४ तारखेला आहे. मी तिथे जाऊन सांगणार आहे. तू काही कर असं आता म्हणत नाही.

सुनेत्रा


एलआरटीच्या गाडीत लिहितेय, अक्षराला हसू नकोस
१७ सप्टेंबर

अनघा,

आधी इराला सांगितलं. तिच्यापासून सुरुवात केली, कारण तिचीच जास्त भीती वाटत होती.

लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाली, "आंटी, तू पहिली सही केलीस!" मग इंग्रजीतून खूप काही बोलली, त्यातलं निम्मं मला कळलं आणि सगळं बरोबर होतं. शेवटी बॅग उचलून निघून गेली. मी पायरीवर बसून राहिले. वाटलं, संपलं. आता गेक आंटीही जाणार, ही पोरही जाणार, आणि माझी डिग्रीही जाणार.

आज सकाळी लेक्चरला ती माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय ॲम स्टिल अँग्री, ओके? पण पोस्टर मी काढून टाकणार नाही. गेक आंटीने चोरी केली नाही हे तर खरंच आहे ना?" मग थोड्या वेळाने, "चोवीसला किती वाजता? मी बाहेर बसेन."

वीस वर्षांच्या मुलीत एवढा समजूतदारपणा कुठून येतो? आपण दोघी चाळिशी ओलांडून पिठावरून भांडलो.

आणि पिठाचं निघालंच आहे तर. दिवाळीला आठ दिवस असताना, फराळाच्या दोनशे ऑर्डरी आपल्या अंगावर असताना, भाजणी अर्धी मळलेली टाकून मी परीक्षेला पळाले. तारीख मला महिनाभर आधी माहीत होती. तुला सांगायची हिंमत झाली नाही. तू जे बोललीस ते फार लागलं, पण त्याआधी मी जे केलं तेही मला आठवतं.

माझं स्टेशन आलं.

सु.


बुकित पंजांग,
२४ सप्टेंबर, रात्रीचं जेवण व्हायचंय, आधी हे

प्रिय अनघा,

अगं, काय केलंस तू हे!

थांब, पहिल्यापासून सांगते. तुला तिथलं कळायलाच हवं.

खोलीत युनिव्हर्सिटीच्या एक बाई, कंत्राटदाराचा मॅनेजर, आणि टेबलाच्या टोकाला गेक आंटी. इस्त्रीचा निळा ब्लाउज, केस चापून बसवलेले, हात मांडीवर. मला बघून तिने जोरात मान हलवली. नको, जा, अशी. मी गेले नाही. उभी राहून सगळं सांगितलं. डबा माझ्याकडे होता, अन्न मी भरलं, ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही, आणि गेले तीन आठवडे मी गप्प बसले.

मॅनेजर म्हणाला, ते ठीक, पण नियम तो नियम. कोणीही दिलं तरी घ्यायचं नाही. आणि डबा केटररचा आहे, तसं केटररनेच लिहून दिलंय.

तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "आज सकाळी केटररकडून आणखी एक ईमेल आलाय. मी वाचते." मला वाटलं, आता तू चार तासांचा स्टिकर, लायसन्स, माझा बेजबाबदारपणा, सगळं काढणार. काढलंही असतंस तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

त्यांनी वाचलं: "तुम्ही मला विचारलंत, डबा कोणाचा. मी सांगितलं, माझा. तो मी कोणाला दिला होता, हे तुम्ही विचारलं नाहीत. तो मी माझ्या मैत्रिणीला दिला होता. आमच्यात एकीचा डबा दुसरीच्या घरी असणं म्हणजे चोरी नव्हे, तर दोन्ही घरांत येणंजाणं आहे असा त्याचा अर्थ. माझ्या मैत्रिणीने तो ज्यांना दिला, त्यांच्याशीही माझं तेच नातं लागतं. कृपया डबा त्यांना परत करावा."

अनघा, मी तिथे रडले. सोशल वर्करने मुलाखतीत रडायचं नसतं असं आम्हाला शिकवलंय, पण मी रडले.

आणि तू तिथेच थांबली नव्हतीस. यापुढे तुझ्या केटरिंगमध्ये सफाई करणाऱ्यांची पानं धरलेली असतील, ती पहिल्यांदा वाढली जातील, ताज्या अन्नाची, स्टिकर संपायच्या आत. मान्य नसेल तर या डिपार्टमेंटची ऑर्डर घेणार नाही! वर्षाचे किती कार्यक्रम आहेत हे मला माहीत आहे. तू पणाला काय लावलंस, ते मॅनेजरला कळलं नसेल, मला कळलं.

मग त्या बाईंनी गेक आंटीला विचारलं, तुम्ही यांचं नाव आधीच का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "शी स्टुडंट. स्टुडंट गेट ट्रबल, हाऊ टू फाइंड जॉब? आय ओल्ड ऑलरेडी." मॅनेजर कागदाकडे बघत राहिला.

आम्हाला बाहेर बसवलं. वीस मिनिटं. इरा माझा हात धरून बसली होती, राग अजून आहे असं मधूनमधून सांगत. मग दार उघडलं.

आंटीवरचा आळ मागे. सोमवारपासून कामावर. बुडालेल्या तीन आठवड्यांचा पगार मिळणार. तुझी पानांची अट मान्य. मला लेखी ताकीद, पण ट्रेनिंग वाचलं. आयुष्यातली पहिली लेखी ताकीद! श्रीनिवास म्हणतोय, फ्रेम करून लावू.

जिंकलो, अनघा! इराने कॉरिडॉरमध्ये अशी आरोळी ठोकली की शेजारच्या लेक्चरमधून कोणीतरी ओरडायला आलं.

लिफ्टपाशी मी आंटीची माफी मागितली. तिने माझ्या दंडावर फटका मारला, चांगला लागला. "टॉक सो लेट फॉर व्हॉट?" एवढंच. तिचं म्हणणं बरोबर आहे. तीन आठवडे रोज साडेबाराला ती घरी बसून होती आणि मी भाषणं करत होते. ते मी विसरणार नाही.

तुला काय लिहू? आभार मानले तर रागावशील. ब्लॉक काढ.

तुझी,
सुनेत्रा


बुकित पंजांग,
९ ऑक्टोबर

प्रिय अनघा,

फोनवर रोज बोलतोय, तरी हे पत्रातच लिहायचं ठरवलं. डिपार्टमेंटच्या कालच्या जेवणाला तू आली नाहीस. तुझी माणसं आली, तू म्हणे फराळाच्या ऑर्डरींत. तेव्हा तू काय चुकवलंस ते ऐक.

आधी सोमवारचं, जे फोनवर गडबडीत राहिलं. आंटी परत आली त्या दिवशी पोरांना एवढा उमाळा आला की सगळ्यांनी आपापली ताटं स्वतः नेऊन ठेवली. नेहमी ठेवतात त्याहून व्यवस्थित, रांग लावून. फक्त उत्साहाच्या भरात हलालच्या रॅकवर बिगर हलालची आणि तिकडची इकडे. आंटीने दोन मिनिटं बघितलं आणि असा आवाज लावला की अख्खं कँटीन चिडीचूप! "ऑल राँग! ऑल टेक बॅक!" तीनशे पोरं ताटं परत घ्यायला धावली. इरा तर हसून हसून खालीच बसली. स्वागत असं झालं.

आता कालचं. तुझ्या माणसांनी टेबल मांडलं, स्टिकर लावले, आणि आमच्या डीनबाई ताट उचलायला पुढे झाल्या. तेव्हा तुझ्या मुलीने, अदितीने, त्यांना हसत थांबवलं. "सॉरी मॅडम, फर्स्ट दे ईट." एवढी ठाम बोलली की मला एकदम तूच दिसलीस. डीनबाई बिचाऱ्या मागे झाल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सफाईच्या सहाही बायका भिंतीपाशी उभ्या. कोणी पुढे येईना. एकमेकींना कोपर मारतायत. आग्रह करायचा मला केवढा मोह झाला होता, तुला सांगते! हात शिवशिवत होते. पण मी हात मागे बांधून उभी राहिले. यावेळी त्यांनी आपणहून यायचं होतं.

शेवटी गेक आंटी निघाली. ताट घेतलं, सावकाश सगळी टेबलं बघत गेली, लग्नाला आलेली विहीण बघते तशी. पुलाव, भाजी, दोन गुलाबजाम. मग हॉलच्या मधोमध, डीनबाईंच्या टेबलावर जाऊन बसली. मी शेजारी जाऊन बसले. विचारलं, कसं झालंय? तिने दोन घास खाल्ले, विचार केला, आणि म्हणाली, "यू टेल युवर फ्रेंड. टू मच सॉल्ट."

तेव्हा हा निरोप पोचवला. पुलावात मीठ जास्त आहे. मीही खाऊन बघितला, खरंच आहे. फराळाच्या घाईत तुझा हात सुटलाय. शनिवारी सकाळी सातला पासिर रिसला येते, परीक्षा कधी आहे ते आधीच सांगून ठेवते: नोव्हेंबरात, एकवीस तारखेला.

ताट रिकामं झाल्यावर आंटी उठली. मला वाटलं, आता फडकं घेऊन टेबल पुसायला लागेल. सुपरवायझर दारात उभा होता, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. सरळ टेबलापाशी गेली आणि कोणालाही न विचारता स्वतःच्या हाताने पुलाव पुन्हा वाढून घेतला.

तुझी,
सुनेत्रा